हात काढू नका

८ जानेवारी

दादा,

पत्राची सुरुवात खुशाली विचारून करायची असते. पण तुझी खुशाली मला वहिनीकडून कळते, आणि ती ‘आहेत आपले’ यापलीकडे काही सांगत नाही. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, फक्त माझाच उचलत नाहीस. मग वहिनी म्हणाली की घरातला फोन तू काढूनच टाकलास आणि गिऱ्हाइकांना सुतारकामाच्या कारखान्यावर येऊन बोलायला सांगतोस. बहीण दिवसभर फोनवर बोलून पोट भरते आणि भाऊ फोन काढून टाकतो, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. म्हणून हे पत्र लिहिते आहे. हाताला सवय राहिलेली नाही, अक्षर जमेल तसं लावून वाच.

मला तुझी एक परवानगी हवी आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा कोसळले त्या दिवशी तू आमच्या कंट्रोल रूमला जो फोन केलास, त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. ते आमच्या संशोधनात घ्यायचं आहे. फोन करणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय आम्ही ते बाहेर कोणालाही ऐकवत नाही.

लगेच पत्र चुरगाळू नकोस, पुढे वाच. माझं काम तुला ठाऊक आहे. माणूस कोसळला की लोक आमच्या नंबरवर फोन करतात. मी ॲम्ब्युलन्स पाठवते आणि ती पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाशी बोलत राहते. हृदय बंद पडलं असेल तर जवळ असेल त्याने छाती दाबायला लागणं, हाच तेवढ्यापुरता उपाय. गाडी कितीही पळाली तरी मेंदू तिच्यासाठी खोळंबून राहत नाही. पण घोडं अडतं त्याच्याही आधी. आम्ही विचारतो, श्वास चालू आहे का? लोक म्हणतात, हो, घोरतायत. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ माणूस मधूनच असा घरघरतो. तो खरा श्वास नसतो, पण पलीकडच्याला धीर येतो, आम्हीही फसतो, कुशीवर वळवा म्हणतो, आणि हातची वेळ जाते.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी यावर नवा प्रश्न काढला आहे. बाई या संशोधनाच्या प्रमुख. आवाज असा की त्यांना फोनची गरज नाही, खिडकी उघडली तरी पुरे. त्यांचं म्हणणं, श्वास चालू आहे का असं विचारायचंच नाही. पोटावर हात ठेवा आणि पोट वर आलं की ‘आत्ता’ म्हणा, एवढंच सांगायचं. पुढचा ‘आत्ता’ लांबला की सरळ छाती दाबायला लावायचं. निम्म्या टेबलांवर जुना प्रश्न आणि निम्म्यांवर नवा, असं वर्षभर चाललं आहे. एप्रिलअखेरीस मंडळापुढे जायचं आहे. त्यांनी मान्य केलं तर हा प्रश्न सगळ्या केंद्रांवर जाईल. नाही तर फाईल कपाटात आणि कपाटाची किल्ली हरवलेली.

एक शब्द लिहून पाठव. ‘हो’ एवढाच.

तुझी,
रेडिओ
(हल्ली या नावाने मला कोणी हाक मारत नाही. तो हक्क तुझाच होता.)


२ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं कार्ड मिळालं. ‘नाही म्हणतात, आणि पुन्हा विचारू नका असंही म्हणतात.’ ठीक. पुन्हा विचारते.

तुझाच फोन का, हे मागच्या वेळी सांगायचं राहिलं. आमच्याकडे परवानगीचे फोन पुष्कळ आहेत, पण ते कोणाचे, माहीत आहे? ज्यांची माणसं वाचली त्यांचे. ते आनंदाने हो म्हणतात, वर आभार मानतात. ज्यांची माणसं गेली त्यांना विचारलं की फोन ठेवून देतात, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला असता. आमचा आकडेवाला, म्हणजे संशोधनाची आकडेमोड करणारा, हिशेब मांडून बसला आहे आणि रोज कपाळाला हात लावतो. वाचलेल्यांचेच फोन ऐकून, माणसं का वाचत नाहीत हे कसं कळायचं? मंडळात बसलेले लोक शहाणे आहेत, पहिला प्रश्न हाच विचारतील. म्हणून मला असा एक फोन हवा आहे की ज्यात माणूस गेला, आणि जो फोन करणाऱ्याने आपणहोऊन दिला.

तू ‘घोरतायत, बहुतेक झोप लागली’ म्हणालास, हे मला टाईप केलेल्या प्रतीवरून पाठ आहे. मग? अरे, नर्सबाया फसतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी स्वतःच्या आजोबांच्या वेळी फसली. यात लपून बसण्यासारखं काय आहे? बाबांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शिकणाऱ्याने गाडी भलतीकडे नेली तर ते कधी आरडाओरडा करत नसत. आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, ‘हं, आता परत.’ त्यांचा मुलगा असून तुला तेवढं जमू नये?

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या आहेत. घरच्या माणसाला घरच्याच माणसाने असं विचारायचं नसतं, आपण दुसऱ्या कोणाकडून विचारू, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला तो दारात उभं करणार नाही. त्या म्हणाल्या, तुला तरी कुठे केलंय? तरी परवानगीचा कागद मी माझ्याकडेच ठेवून घेतला.

मी तुला त्या दिवसावरून कधी एका शब्दाने बोलले नाही, हे लक्षात घे.

रेडिओ


२६ फेब्रुवारी

दादा,

तू स्वतः लिहिलंस, याचाच आनंद मानते. दोन वर्षांत दोन ओळी म्हणजे वर्षाला एक. ‘माझा आवाज कोणाला ऐकवायचा नाही. तू तरी ते ऐकलं आहेस का?’

मी टाईप केलेली प्रत वाचली आहे. कामाला तेवढी पुरते.

तू असा मूग गिळून बसलास की माझं डोकं फिरतं. तुला वाटतं तू एकटाच तिथे होतास. हो, होतास. पण बाबा माझेही होते, आणि ते गेल्यावर तू तुझी हत्यारं गाडीत घातलीस, घर विकून दुसऱ्या गावी गेलास आणि मला पत्तासुद्धा वहिनीकडून मिळाला. मी काय केलं होतं? बरं, ते राहू दे. कामाचं बोलते.

गेल्या आठवड्यात नवा प्रश्न माझ्या टेबलावर होता. भर दुपारी एका कचेरीतून फोन आला. हिशेबनीस जेवताजेवता खुर्चीतून घसरला होता आणि त्याच्या शेजारी बसणारी बाई बोलत होती. तीही म्हणालीच, घोरतायत हो. मी म्हटलं, पोटावर हात ठेवा. ती ‘आत्ता’ म्हणाली आणि मग काहीच म्हणेना. मी मनात म्हणत होते, म्हण बाई, म्हण. ती म्हणाली नाही. मग तिला गुडघ्यावर बसवलं, छातीच्या मधोमध तळहात ठेवायला लावले आणि मोजत दाबायला लावलं. मध्येच ती किंचाळली, काहीतरी मोडलं म्हणून. बरगडी असेल, मोडतातच, दाबत राहा, असं मी सांगितलं आणि ती दाबत राहिली. तो हिशेबनीस आता दवाखान्यात उशीला टेकून बसतो आणि पाण्याला चव नाही अशी तक्रार करतो.

जुना प्रश्न असता तर मी त्याला कुशीवर वळवलं असतं. हे एवढंच मला मंडळाच्या डोक्यात घालायचं आहे आणि त्यासाठी मी कोणाच्याही पायरीवर ठाण मांडून बसेन. तुझ्यासुद्धा. एप्रिल जवळ येतोय.

रेडिओ


१४ मार्च

दादा,

तुझं पत्र बसस्टॉपवर वाचायला घेतलं. बस आल्या आणि गेल्या, मी बाकावरच होते. तुझी ती जाड सुतारी पेन्सिल पानांवर फिसकटली आहे, तरी शब्द न् शब्द लागला.

घोरण्याचं तुला कधीच काही वाटलं नाही, असं तू लिहितोस. म्हणजे दोन वर्षं मी तुला भलत्याच गोष्टीसाठी माफ करत बसले होते.

तू लिहिलंस तसंच पुन्हा लिहिते, मी नीट वाचलं हे तुला कळावं म्हणून. फोनवरच्या बाईंनी थोड्या वेळाने ओळखलं आणि छाती दाबायला सांगितलं. तू दाबू लागलास. हाताखाली कडकन मोडलं. जन्म लाकडात गेलेला माणूस तू, मोडल्याचा आवाज तुला दुसऱ्याने सांगावा लागत नाही. तू हात काढलेस. बाई ‘थांबू नका, थांबू नका’ म्हणत होत्या आणि तू फोन जमिनीवर ठेवून बाबांचा हात धरलास. आणि तुझ्या शेवटच्या पानावर हे आहे: ‘माझ्याच हातांनी ते गेले असं मी धरून चाललोय. आणि तू हिशेबनिसाच्या गोष्टीत सहज लिहून जातेस, बरगडी मोडतेच. मोडतेच, तर हे मला त्या दिवशी कोणी का सांगितलं नाही?’

टाईप केलेल्या प्रतीत त्या जागी दोनच शब्द आहेत. ‘आवाज. शांतता.’ मला वाटायचं, खुर्ची सरकली असेल.

आता माझं ऐक. तू बाबांना मारलं नाहीस. तू गुडघ्यावर बसलास तेव्हा त्यांचं हृदय आधीच बंद पडलेलं होतं. बरगडी मोडून माणूस जात नाही, दादा. छाती खोल दाबावी लागते, त्या वयाच्या माणसाच्या बरगड्या त्याखाली मोडतात, आणि आमच्या गाडीवरच्या शिकलेल्या माणसांच्या हाताखालीही मोडतात. तुझ्या हाताखाली मोडली कारण तू पुरेसं खोल दाबत होतास.

पुढचं तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील, म्हणून आताच सांगते. तू थांबला नसतास तर बाबा राहिले असते का? मला माहीत नाही. गाडी पोचेपर्यंत कोणीतरी न थांबता दाबत असतं, तरीही बहुतेक जण जातात. थोडे राहतात. बाबा त्या थोड्यांत असते की नाही, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत, मी विचारलं. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही, आणि स्वतःला छळायला या ‘माहीत नाही’चा उपयोग तुला करूही देणार नाही.

आणि हो, मी ऐकलं नव्हतं. दिवसाकाठी इतके फोन ऐकणारी मी, हा एक ऐकायची हिंमत होत नव्हती, आणि तुझ्या हिमतीबद्दल पानं भरत होते. काल ऐकलं. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. टाईप करणाऱ्याने जिथे ‘शांतता’ लिहिलं आहे तिथे शांतता नाहीये, दादा. तू फोनपासून लांब आहेस म्हणून बारीक ऐकू येतं. तू विचारतोयस, ‘दुखलं का, बाबा?’

मी हेडफोन काढून बाहेर जाऊन रडले. दोन वर्षांत तुझ्यासाठी रडायचं मला सुचलंच नव्हतं.

परत आले आणि आम्ही कामाला लागलो. आकडेवाला, बाई आणि मी, तिघांनी जुने फोन पुन्हा लावले. आम्ही सगळं लक्ष श्वासाच्या प्रश्नावर ठेवून बसलो होतो, माणूस दाबायला लागला की आमच्या दृष्टीने काम झालं. आता पुढचं ऐकलं. माणसं दाबायला लागतात, मग मध्येच थांबतात, आणि प्रतीत त्याच्या आधी ‘आवाज’ किंवा ‘अस्पष्ट’ लिहिलेलं असतं. एका फोनवर नाही, पुष्कळ फोनांवर. आम्ही समजत होतो ते दमले. तुझ्यासारखे किती जण असतील आणि ते आज काय धरून चालले असतील, याचा विचार करवत नाही.

आमच्या बोलायच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही. मी सवयीने ‘मोडतातच’ म्हणते, शेजारची म्हणते किंवा म्हणत नाही. तुला मिळालेल्या बाईंनी थांबू नका म्हटलं, आवाज का झाला ते सांगितलं नाही. त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंची शंका अशी की आधीच सांगितलं तर लोक घाबरून हातच लावणार नाहीत. बरोबर आहे. म्हणून दाबणं सुरू झाल्यावर सांगायचं. पण काय सांगायचं? बाईंनी एक वाक्य केलं, ते इतकं लांब आहे की तेवढ्यात गाडी पोचेल. माझंही जमलं नाही. तू सांग. त्या दिवशी कोणी काय म्हटलं असतं तर तुझे हात तिथेच राहिले असते? घाई नाही असं म्हणणार होते, पण आहे.

रेकॉर्डिंग मी आता मागत नाही. ते तुझं आहे.

तुझी,
रेडिओ


११ एप्रिल

दादा,

मिळालं. कागदाच्या मधोमध तीन ओळी, बाकी कोरा. ‘हाताखाली मोडल्यासारखं वाटेल. वाटू द्या. हात काढू नका.’

मी ते बैठकीत मोठ्याने वाचलं. आकडेवाल्याने चष्मा काढून पुसला, तो अगदी स्वच्छ होता. बाईंना त्यात ‘कदाचित’ घालायचं होतं आणि शेवटी ‘कृपया’. मी म्हटलं, हे लिहिणारा माणूस खुर्चीला जास्तीचा खिळा मारत नाही. बराच वाद झाला. मी हटले नाही.

आणि खाली तू परवानगी लिहिली आहेस, तीही माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी. ‘सगळं ऐकव. शेवटचं कापू नकोस.’ तसंच करीन. वहिनीला सांग, तिच्याऐवजी तू स्वतः लिहायला लागलास याबद्दल मी तिची ऋणी आहे, पण तिची कार्डंही येऊ देत.


२९ एप्रिल

दादा,

मंडळाची बैठक झाली. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला, आणि एक गृहस्थ सुरुवातीपासून घड्याळाकडे बघणारे. तुझा फोन ऐकवला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. मग ‘दुखलं का, बाबा’ आलं. घड्याळवाल्यांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी विचारलं, बरगड्या मोडतातच हे यांना नंतर कोणी सांगितलं का? मी म्हटलं, हो, गेल्या महिन्यात.

श्वासाचा नवा प्रश्न मान्य झाला. सगळ्या केंद्रांवर जाणार.

तुझं वाक्य मान्य झालं नाही. आत्ताच नाही. ते पटण्यासारखं आहे, पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, असं ते म्हणाले. मला राग आला, आणि रागाने लाल झालेली असतानाच कळत होतं की ते बरोबर बोलतायत. उद्या या वाक्यानेच लोक हात काढायला लागले तर? तेव्हा निम्म्या टेबलांवर ते वाक्य, निम्म्यांवर नाही, आणि पुन्हा मोजायचं. म्हणजे पुन्हा एक वर्ष, कदाचित दोन. बाई म्हणाल्या, आहे का दम? मी म्हटलं, माझ्या घरात सगळे एकदा धरलं की धरलं असेच आहेत, एकजण तर नको ते धरून दोन वर्षं बसला होता. त्या हसल्या. तू हसलास तर मला कळव.

यावेळी गेलेल्यांच्या घरच्यांनाही विचारणार आहोत, आणि आधी सांगणार आहोत, मग विचारणार आहोत. ते पत्र मी लिहिते आहे. पहिलं वाक्य असं आहे की बरगडी मोडली असेल तर ती तुमची चूक नव्हती.


१७ जून

दादा,

वाक्य कोणत्या टेबलांवर द्यायचं याच्या चिठ्ठ्या काल सकाळी टाकल्या, त्यात माझं टेबल निघालं. तुझं वाक्य माझ्यासमोर चिकटवलेलं होतं आणि मला ते बघायची गरज नव्हती.

पहिला फोन कसला तरी ताप, दुसरा घसरून पडलेल्या आजी. मग एक माणूस बोलायला लागला, तुझ्याच वयाचा असावा. वडील न्हाणीच्या दारात पडले होते. श्वासाचं मी विचारलंच नाही, हात पोटावर ठेवायला सांगितला. ‘आत्ता’ आला नाही. तो दाबू लागला, मी मोजू लागले, आणि त्याला लय सापडली तशी मी म्हटलं, हाताखाली मोडल्यासारखं वाटेल. वाटू द्या. हात काढू नका.

थोड्याच वेळाने मला ते ऐकू आलं. या कानांना आता ते ओळखू येतं. त्याचा श्वास अडकला, मोजणं चुकलं. मी टेबलाची कड धरून बसले होते. मग तो पुन्हा मोजू लागला, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

वडील वाचले की नाही ते मला अजून कळलेलं नाही. गाडी पोचेपर्यंत त्यांच्या छातीवर हात होते, एवढं मी स्वतः ऐकलं. आमची माणसं आत शिरली, त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली, तरी तो दाबतच होता. मला त्याला दोनदा सांगावं लागलं, आता सोड, ते आलेत.

तुझी,
रेडिओ